हात मागे बांधून

वरच्या घरात मावशी राहायला आल्या तेव्हा आमची आधी त्यांच्या पावलांशी ओळख झाली, त्यांच्याशी नंतर. सकाळी साडेपाचला आमच्या छतावर तुरुतुरु सुरू व्हायचं. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून पुन्हा स्वयंपाकघरात. मी हिला म्हणालो, "वर कोणीतरी शिवणाचं मशीन चालवतंय." ही म्हणाली, "मशीन असतं तर मधे कधी दोरा तरी तुटला असता."

आठवड्याभरात दार वाजलं. दारात चाळिशी उलटलेली एक ठेंगणी बाई, हातात कागद.

"टपालपेटीवर तुमचं आडनाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला," त्या म्हणाल्या. "एवढं जरा वाचून द्या. दाराखालून कोणीतरी सरकवलंय. सरकारी असेल म्हणून ह्यांना दाखवलं नाही, उगाच घाबरायचे."

कागद त्यांच्या शेजारणीचा होता. अक्षर मोत्यासारखं. दोनदा 'कृपया', एकदा 'मनापासून आभार', आणि मधे एवढंच की सकाळी सहाच्या आधी जरा हळू चालावं.

"म्हणजे भिंतीपलीकडची ती?" मावशींचा विश्वास बसेना. "काल जिन्यात माझ्याकडे बघून चांगली बत्तिशी दाखवून हसली की हो! तेव्हा तोंडाला काय झालं होतं? आणि आभार कसले? मी अजून हळू चालले कुठे?"

त्या दिवसापासून मावशी आमच्याकडे येऊ लागल्या ते आजतागायत. आपली भाषा बोलणारी या भागात जी सात-आठ घरं आहेत, त्या सगळ्यांच्याच त्या मावशी झाल्या. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले माझ्यासारखेही त्यांना मावशीच म्हणतात. त्यांचे यजमान, म्हणजे काका, एका गोदामात माल उचलणारी गाडी चालवतात. दिवसाला टनांनी माल उचलणारा हा माणूस घरात पाण्याचा पेला उचलायला बायकोला हाक मारतो. मावशीही हातातलं टाकून धावतात. "दमून येतात हो," म्हणतात. त्या स्वतः दमून येतात हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नसावं.

नव्या देशातल्या गोष्टी मावशी आम्हाला येऊन सांगायच्या त्या तक्रारीच्या सुरात नव्हे. पोलिसात वर्दी द्यावी तशा. "आज शेजारणीने चहाला बोलावलं. चार ते पाच. पाच! यायची वेळ सांगतात हे ठीक, पण जायची वेळ?" दुसऱ्या दिवशी: "बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरचे आभार मानतात. तो काय त्यांना कडेवर घेऊन आला होता?" तिसऱ्या दिवशी: "तिचा मुलगा सात वर्षांचा. त्याच्या खोलीत जायचं तर आई दार वाजवते. पोटच्या पोराचं दार!"

गंमत अशी की माणूस नावं ठेवता ठेवता तेच करायला लागतो. एकदा गावी फोन करताना मावशी भावाला सवयीने "थँक यू दादा" म्हणून गेल्या. मग दादा हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का गं?" त्याची समजूत घालायला त्यांना वीस मिनिटं लागली.

दुसऱ्या वर्षी मावशींना नोकरी लागली. दहा मिनिटांच्या अंतरावरच्या वृद्धाश्रमात. लांबलचक व्हरांडा, भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी कठडा, दोन्ही बाजूंना चोवीस दारं. प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता: आंघोळ, कपडे, जेवण, चालणं. प्रत्येकासमोर तीन रकाने: 'स्वतः करतात', 'सोबत लागते', 'करून द्यावं लागतं'. मावशींना वाटलं, हे सोपं आहे. जन्मभर दुसऱ्यांचं करतच तर आलो.

पहिल्याच सोमवारी त्यांना ड्रायव्हर आजोबा मिळाले. हे नाव मावशींनी ठेवलेलं. गृहस्थ चाळीस वर्षं लांब पल्ल्याचे ट्रक चालवून निवृत्त झालेले, वय शहाऐंशी, दोन्ही हातांना कंप. सकाळी ते पलंगाच्या कडेला बसून शर्टाचं बटण लावत होते. बोटं बटणापाशी जायची, थरथरायची, घसरायची. मावशींना बघवेना. त्या तुरुतुरु पुढे झाल्या आणि सहाच्या सहा बटणं टकाटक लावून मोकळ्या झाल्या. कॉलरही नीट केली. वर गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आजोबांनी खाली मान घालून वरचं बटण काढलं. मग दुसरं. बटण काढायलाही त्यांना तेवढाच वेळ लागत होता. सहाही काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. या सगळ्याला पाऊण तास लागला. मावशी पाऊण तास तिथे उभ्या. नाश्ता गार.

दुपारी मोठ्या नर्सबाईंनी बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्या रागवत नाहीत हाच मावशींना त्यांचा सर्वांत भीतिदायक गुण वाटतो. "तुमचा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण फार लवकर पुढे येतो. आजोबा 'सोबत लागते'च्या रकान्यात आहेत. तुम्ही रोज बटणं लावलीत तर दोन महिन्यांत ते तिसऱ्या रकान्यात जातील. तिथून मागे कोणी येत नाही. उद्यापासून असं उभं राहायचं." आणि त्यांनी स्वतः हात पाठीमागे बांधून दाखवले.

"शाळेत शिक्षा केल्यासारखं," मावशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाने धडपडायचं आणि आपण हात बांधून तमाशा बघायचा. यांना काळीज नाही हो."

"किती मिनिटं लागली आज?" हिने विचारलं.

"बावीस." मग आपणहून, "पण शेवटचं बटण लागलं ना, तेव्हा माझ्याकडे असं बघितलं! ट्रक घाटातून वर आणल्यासारखं."

वर्षभरात मावशी त्या कामात अशा मुरल्या की नवीन आलेल्या मुलींना त्याच हात बांधायला शिकवू लागल्या. ठार बहिऱ्या आजींच्या खोलीतही दार वाजवून आत जाऊ लागल्या. "ऐकू येत नाही त्यांना, पण दार त्यांचंच आहे ना," असं आम्हाला सांगताना, दार वाजवण्यालाच आपण पूर्वी नावं ठेवत होतो, हे त्या साफ विसरल्या होत्या. आम्हीही आठवण करून दिली नाही.

आणि मग गावी आप्पांना, मावशींच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला.

झटका तसा सौम्य होता. बोलणं जरा जड झालं, उजवा हात आणि पाय लुळे पडले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, विश्रांतीही सांगितली. त्या दोन्हींतलं दादाला जे मायेचं वाटलं ते त्याने उचललं. दादासारखा मुलगा मिळायला भाग्य लागतं, हे मावशी स्वतः म्हणतात. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो बापाजवळ बसायचा. आंघोळ घालायचा, दाढी करायचा, लहान मुलासारखं भरवायचा. वहिनी एका हाकेत उभी. आप्पांना पलंगावरून पाय खाली टेकवू द्यायचे नाहीत, असा घराचा बाणा.

मावशी व्हिडिओ कॉलवर बघायच्या. पहिल्या महिन्यात आप्पांची बोटं हलताना दिसायची. चौथ्या महिन्यात हात उशीवर नुसता ठेवलेला असायचा, कोणीतरी विसरून गेल्यासारखा.

"दादा, त्यांना स्वतःच्या हाताने जेवू दे."

"अगं, सांडतं सगळं."

"सांडू दे."

"दमतात ते."

"दमू दे रे! मी रोज बघते इथे. केलं नाही तर हात जातो, कायमचा जातो."

"हे बघ," दादाचा आवाज चढला, "तिकडे लोकांना आईबापाचं करायला वेळ नसतो, म्हणून त्यांनी ही शास्त्रं काढलीत. आप्पांना दोन मुलं आहेत. अजून आहेत."

त्यातलं 'दोन' मावशींना लागलं. त्यांनी साठवलेली रजा एकत्र केली आणि तीन आठवड्यांसाठी गेल्या. जाताना आमच्याकडे किल्ली ठेवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तीन आठवड्यांत पुरा हात नाही यायचा. पण एक घास. आप्पांनी स्वतःच्या हाताने एक घास तोंडापर्यंत नेला ना, की दादाच्या डोळ्यांनी तो बघेल. मग मी नसले तरी तो करू देईल." एका घासासाठी ही बाई विमानात बसली.

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर आमच्या टेबलाशी बसून सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी आप्पांना उशा लावून बसवलं, पुढे स्टूल, स्टुलावर ताट, ताटात मऊ भात. आणि समोर उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. आप्पांनी ताटाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि तोंड उघडून वाट बघत राहिले.

"तुम्ही घ्या आप्पा. मी आहे इथे."

वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, मी भरवते ना."

"थांब गं जरा."

दहा मिनिटं तसंच. मग हात हलला. ताटाच्या काठापर्यंत गेला आणि थांबला. मावशींना तेवढ्याचाच आनंद. चौथ्या दिवशी बोटं भातात गेली. सहाव्या दिवशी घास उचलला आणि मांडीवर सांडला. आठव्या दिवशी छातीपर्यंत आला. दादा दुकानातून येऊन बघायचा आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुवायचा. शेजारच्या बायका खिडकीतून डोकावून जायच्या. "परदेशातून लेक आली म्हणे. बापाला परीक्षेला बसवलंय."

मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आठव्या दिवशी रात्री त्यांनी काकांना फोनवर सांगितलं, "चार बोटं राहिलीत तोंडापासून. चारच." काका म्हणाले, "बरं." ते एवढंच बोलतात, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा करून घेतल्याचंही सांगितलं. मावशींना ते खरं वाटलं नाही.

नवव्या दिवशी आत्या आली.

आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. दोन तासांचा प्रवास करून आजारी भावाला बघायला आलेली. ती खोलीच्या उंबऱ्यात आली तेव्हा आप्पा घामाघूम होऊन बसलेले, शर्टावर भात, हनुवटीवर भात, हात हवेत थरथरतोय, आणि समोर पोटची मुलगी हात पाठीमागे बांधून खांबासारखी उभी.

"हात मोडलेत का गं तुझे?" आत्या ओरडलीच. "अरे देवा! जन्मात कधी याने उष्टं-खरकटं अंगावर सांडू दिलं नाही, आणि त्याची ही दशा? उभी काय राहिलीस? दोन घास भरवलेस तर तुझी नोकरी जाईल?"

"आत्या, हातात ताकद यायला..."

"ताकद घालू चुलीत! ऐंशीव्या वर्षी काय त्याला कुस्ती खेळायचीय? चार दिवस राहिलेत, सुखाने खाऊ दे की माझ्या भावाला!"

ती भावाजवळ बसली, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि भरवायला लागली. आप्पा मुकाट्याने जेवले. जेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कशासाठी, हे खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं.

तरीही मावशी हटल्या नसत्या. आत्याला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. तिचा आवाज मोठा आणि मुक्काम छोटा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. मावशींनी दुपारी पुन्हा स्टूल लावलं, ताट ठेवलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

आप्पांनी हात हलवला नाही. बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाले, "तिकडे... त्या म्हाताऱ्यांना... आंघोळ घालतेस?"

"हो आप्पा."

"हात लावतेस?"

"लावते की."

"परके... ते."

"हो."

आप्पांनी डोळे वर केले. "मग माझी... किळस येते का... बाळ, तुला?"

हे सांगताना मावशींनी आमच्या टेबलावरची बशी उचलून दुसरीकडे ठेवली, मग पुन्हा होती तिथे ठेवली.

"मला समजावता आलं असतं हो," त्या म्हणाल्या. "मोठ्या नर्सबाई असत्या तर त्यांनी नीट समजावलं असतं. रकाने, स्नायू, सगळं. मला ते सगळं येत होतं. पण ते असं म्हणाले आणि माझे हात आपोआप सुटले. मी त्यांच्याजवळ बसले आणि भरवलं. पूर्ण ताट. मग तोंड पुसलं, कपडे बदलले, पाय चेपले. पुढचे अकरा दिवस त्यांना बोटसुद्धा हलवू दिलं नाही."

"मग?" हिने विचारलं.

"मग काय, किती खूश होते! येईल त्याला सांगायचे, लेकीने माझं सगळं केलं. दादा खूश, वहिनी खूश. निघताना आत्याचा फोन आला, म्हणाली, आता शोभलीस त्याची मुलगी." मावशी हसल्या. "आणि विमानतळावर मी काय करत होते माहितेय? हिशेब. चार बोटं, अकरा दिवस. रोज अर्धं बोट धरलं तरी पोचला असता घास."

त्यानंतर पाच महिन्यांनी आप्पा गेले. शेवटी शेवटी त्यांना कुशीवरही वळता येत नव्हतं. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, ताप चढला तो उतरलाच नाही. मावशींना पोचता आलं नाही. तिकीट मिळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मोठ्या नर्सबाईंनी कार्ड दिलं, त्यावर सगळ्या सहकाऱ्यांच्या सह्या. शेजारीणबाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली, तीही मोत्यासारख्या अक्षरात. आपल्या सात-आठ घरांतली माणसं जाऊन बसून आली. काकांनी सगळ्यांना पाणी दिलं. मावशी उठायला लागल्या तर त्यांनी हाताने खुणावून त्यांना बसवलं.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मावशी कामावर जाण्याआधी आमच्याकडे डोकावल्या. आश्रमाचा निळा अंगरखा घातलेला, केस घट्ट बांधलेले.

"काल दादा तासभर बोलला," त्या म्हणाल्या. "इतके दिवस नुसतं हो-नाही करत होता, काल मोकळा झाला. म्हणाला, एक सांगू का तुला? तू गेल्यावर महिन्याभरातली गोष्ट. दुपारी ताट ठेवून मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर आप्पांनी हात ताटात घातला होता. घास उचलला होता गं. तोंड उघडलं होतं. अगदी ओठांपाशी आला होता हात."

ही पुढे सरकून बसली.

"म्हणाला, घामाने डबडबले होते, नुसते थरथरत होते. म्हटलं, आप्पा, मी मेलोय का? मला हाक नाही मारता आली? आणि मी घास काढून घेतला, हात पुसला आणि भरवलं. त्या दिवसापासून पाणी, टॉवेल, सगळं आधी घेऊनच बसायचो. ताट समोर असताना त्यांना एक क्षण एकटं सोडलं नाही. हे त्याने मला अभिमानाने सांगितलं हो. सांगता सांगता रडत होता. मला म्हणाला, काही कमी तर पडू दिलं नाही ना गं मी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" हिने विचारलं.

"म्हटलं, नाही दादा. तू होतास म्हणून त्यांचं सगळं झालं."

मावशींनी घड्याळाकडे बघितलं. दोनची ड्यूटी होती.

"दुसरं काय म्हणणार?" त्या उठता उठता म्हणाल्या. "आप्पा गेले. दादाला अजून खूप वर्षं त्या घरात राहायचंय."